गाळ-उपसा यंत्र ठरविताना आधी सक्शन नळ पाहावा

गंगाखेडच्या परिसरात पाण्याचा प्रश्न जितका जुना आहे, तितकाच आता गाळाचा प्रश्नही होऊन बसला आहे. गोदावरीवर वरच्या अंगास मुद्गल आणि खालच्या अंगास डिग्रस असे बंधारे झाले, तालुक्यात मासोळी मध्यम प्रकल्प झाला, गावोगाव पाझर तलाव झाले. जेथे जेथे पाणी अडले, तेथे तेथे त्याच्याबरोबर वाहत आलेली मातीही अडली. दारे टाकली की प्रवाह थांबतो आणि माती खाली बसते. पाण्यासाठी बांधलेली जागा वर्षागणिक मातीने भरत जाते. शेतकरी बंधूंना हे नव्याने सांगावे लागत नाही. अलीकडे मात्र नदीकाठच्या गावांतून या गाळाविषयी एक नवी चर्चा ऐकू येते. तलाव आटण्याची वाट न पाहता, पाणी असतानाच, तराफ्यावर पंप बसवून तळचा गाळ ओढून काढता येईल काय, अशी ती चर्चा आहे.

चर्चा स्वागतार्ह आहे. तथापि ती सुरू होताच पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे ‘इंजीन किती हॉर्सपॉवरचे?’ यंत्र भाड्याने देणाराही इंजिनाचाच आकडा पुढे करतो, आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीत जास्त हॉर्सपॉवरचे यंत्र ते चांगले यंत्र असा निर्णय होतो. इंजिनाच्या आकड्यावरून गाळ किती निघेल हे मुळीच कळत नाही. पाण्याखालून गाळ उचलणाऱ्या यंत्रात कामाची मर्यादा ठरते ती पंपाच्या अलीकडच्या बाजूस, म्हणजे सक्शन नळात. हा नळ चुकीचा असेल, तर त्यापुढे बसविलेले मोठे इंजीन फक्त जास्त डिझेल जाळते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ज्या तलावाचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत आटते, तेथे तराफ्यावरील यंत्राचा विचार करू नये. तेथे पोकलेन आणि ट्रॅक्टर हाच स्वस्त मार्ग होय. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेतून हेच काम होत आले आहे. पंपाने गाळ काढताना दर लिटर मातीमागे आठ-नऊ लिटर पाणीही उचलावे लागते. कोरडी माती फावड्याने मिळत असता हा उद्योग करणे म्हणजे उधळेपणा होय. यंत्राची जागा वेगळी आहे. बंधाऱ्याच्या डोहात बारमाही पाणी राहते, जॅकवेलच्या तोंडाशी गाळ साचून पाणी आत येईनासे होते, किंवा पिण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवलेला साठा रिकामा करता येत नाही, अशा ठिकाणीच त्याचा विचार करावा. अशा साठ्यातील गाळ ढवळावयाचा असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी आणि पाणीपुरवठा पाहणाऱ्यांशी विचारविनिमय या गोष्टी आधी झाल्या पाहिजेत, हे सांगणे न लगे.

आता सक्शन नळाकडे वळू. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण वस्तुतः पंप काही ओढत नाही. पंपाचा पंखा फिरून आपल्या तोंडाशी पोकळी निर्माण करतो, आणि बाहेरची हवा नदीच्या पाण्यावर जो भार देत असते तो भार पाण्याला नळातून वर ढकलतो. हवेचा हा भार समुद्रकाठी सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. गंगाखेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरांहून उंचावर असल्याने येथे तो दहा मीटरांहून थोडा कमीच मिळतो. उन्हाळ्यात पाणी तापले की त्याची वाफ लवकर होते, म्हणून आणखी अर्धा मीटर सोडून द्यावा लागतो. शिवाय पंखा नीट चालावा यासाठी पंपाच्या तोंडाशी काही दाब शिल्लक राहिला पाहिजे. ही सर्व वजाबाकी केल्यावर प्रत्यक्ष कामास सहा ते सात मीटर उरतात. एवढी ही शिल्लक आहे, आणि कोणत्याही कंपनीचे कितीही मोठे इंजीन आणले तरी ती बोटभरही वाढत नाही.

उलट इंजीन मोठे घेऊन पंपाचे फेरे वाढविले, तर पंपाच्या तोंडाशी लागणारा शिल्लक दाब वाढतो आणि आपली पुंजी आणखी लवकर संपते. पुंजी संपली म्हणजे पाण्याची वाफ होऊन तिचे बुडबुडे पंख्यावर फुटू लागतात. पंपात खडे पडल्यासारखा कडकडाट ऐकू येतो. काही दिवसांनी पंखा उघडून पाहावा तर त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले दिसतात. गाळाचे काम करणारे पुष्कळदा हा आवाज वाळूचा आहे असे समजून दुर्लक्ष करतात, आणि हंगाम संपण्यापूर्वीच नवा पंखा घेण्याची वेळ येते.

सक्शन नळात ही पुंजी कशी खर्च होते, ते विहिरीवरच्या पंपावरून समजून घेणे सोपे आहे. सेकंदाला पंधरा लिटर पाणी देणाऱ्या पंपास दहा मीटर लांबीचा तीन इंची सक्शन लावला, तर केवळ नळाच्या घर्षणात सुमारे १.८ मीटर उंचीइतका दाब वाया जातो. तोच नळ चार इंची घेतला, तर ही तूट ०.४ मीटरवर येते. व्यास एकाच इंचाने वाढला, पण तूट चौथ्या हिश्श्याहूनही कमी झाली. तेच पाणी त्याच वेगाने देण्यास सुमारे अर्धा हॉर्सपॉवर कमी लागतो, आणि उन्हाळ्यात पाणी मीटरभर खाली गेले तरी पंप पाणी सोडत नाही. गोदावरीकाठी मोटारी बसविणाऱ्या अनेक शेतकऱ्यांनी नळाच्या किमतीत बचत केली आणि विजेच्या बिलात ती कितीतरी पटींनी भरून दिली, हे पाहता पाहता नजरेस येते.

स्वच्छ पाण्याच्या बाबतीत म्हणूनच नियम सोपा आहे. सक्शनचा नळ डिलिव्हरीपेक्षा मोठा असावा, आखूड असावा, आणि त्यात वळणे कमी असावीत. गाळाच्या बाबतीत मात्र हा नियम जसाच्या तसा लावला की फसगत होते. आणि येथेच बहुतेक गावठी यंत्रे चुकतात.

गाळाचे पाणी साध्या पाण्याहून दोन बाबतींत वेगळे असते. पहिली गोष्ट म्हणजे ते जड असते. साधे पाणी बारा मीटर खोलीवरून घेतले काय आणि सहा मीटरवरून घेतले काय, नळातील पाणी आणि बाहेरचे पाणी सारख्याच वजनाचे असल्यामुळे पाण्याच्या पातळीपर्यंत ते आपोआप येते; पंपाला फक्त पातळीच्या वरचीच चढण असते. गाळ भरला की हा हिशेब बिघडतो. नळातील स्तंभ जड, बाहेरचा हलका. मग पाण्याखालच्या प्रत्येक मीटरमागे त्या फरकाइतकी किंमत मोजावी लागते. मिश्रणात आकारमानाने दहा टक्के मातीचे कण असतील, तर एक लिटर मिश्रण सुमारे १.१६५ किलो भरते. वीस टक्के असतील तर १.३३ किलो.

याचा हिशेब एकदा डोळ्यांपुढे मांडून पाहावा. सहा इंची सक्शन, पंप पाण्याच्या पातळीहून एक मीटर वर तराफ्यावर, गाळ सहा मीटर खोल, नळ बारा मीटर लांब आणि आतील वेग सेकंदाला तीन मीटर. साधे पाणी ओढताना या व्यवस्थेत सुमारे अडीच मीटर दाब खर्ची पडतो. दहा टक्के गाळ आला की खर्च पावणेचार मीटरांच्या आसपास जातो. वीस टक्के गाळ आला की तो पाच मीटरांहून अधिक होतो, आणि पंप अजून चालतो. आता हाच वीस टक्के गाळ बारा मीटर खोलीवरून काढावयाचा झाला आणि नळ अठरा मीटरांचा करावा लागला, तर खर्च साडेसात मीटरांच्या पुढे जातो. पुंजी तर सहा-सातचीच. पंप हवा धरतो, पाणी सोडतो, नळातील गाळ खाली बसतो, आणि यंत्रावरचा माणूस इंजीन कमी पडले असा निष्कर्ष काढतो. इंजीन कमी पडलेलेच नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाळातील वाळू वेग कमी होताच नळात खाली बसते. सहा इंची नळात मध्यम वाळू तरंगत ठेवण्यास सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेग लागतो, आणि नळ तिरका असेल तर आडव्यापेक्षा थोडा अधिकच. ‘मोठा नळ बरा’ हा विहिरीवरचा अनुभव जमेस धरून कोणी सहा इंचीच्या जागी आठ इंची नळ लावला आणि पंप तोच ठेवला, तर तीन मीटरचा वेग १.७ मीटरवर उतरतो. घर्षण कमी झाले खरे, परंतु वाळू नळाच्या तळाशी बसू लागते, पाण्याची वाट अरुंद होते, आणि तासाभरात नळ तुंबतो. म्हणजे गाळ-उपसा यंत्राच्या सक्शनला एक योग्य व्यास असतो. त्याहून लहान नळ दाब खातो आणि त्याहून मोठा नळ वाळू पाडतो. तो व्यास पंपाच्या विसर्गावरून आणि गाळातील सर्वांत जाड वाळूवरून ठरवावा लागतो. दुकानात कोणता नळ शिल्लक आहे यावरून तो ठरू नये.

जड स्तंभाची अडचण दूर करण्याचा खरा उपाय बंदरांतील मोठ्या यंत्रांनी केव्हाच दाखवून दिला आहे. शोषण-पंपाने समुद्रतळ खोल करण्याची युक्ती १८५५ च्या सुमारास अमेरिकेतील चार्ल्सटन बंदरात वापरण्यात आली. आज मुंबई आणि न्हावा-शेवा येथील जहाजांचे मार्ग अशाच तत्त्वावर चालणारी जहाजे साफ ठेवतात. ही जहाजे खोल पाण्यात काम करू लागली तेव्हा पंप जहाजात ठेवून भागेना. तेव्हा पंपच नळाबरोबर पाण्याखाली नेण्यात आला. पंप चार मीटर खाली गेला म्हणजे त्या चार मीटर पाण्याचा भारही हवेच्या भारात मिळतो, आणि जड गाळाचा स्तंभ फक्त तळापासून पंपापर्यंतचाच राहतो. पुढची सगळी चढण डिलिव्हरीच्या बाजूस येते, आणि तेथे मात्र इंजिनाची ताकद कामास येते. गंगाखेडसारख्या ठिकाणी पाच मीटरांहून अधिक खोल गाळ काढावयाचा असेल, तर तराफ्यावरच्या पंपाऐवजी पाण्यात बुडणारा गाळ-पंपच मागावा. तो महाग पडतो, हे मान्य आहे. परंतु तराफ्यावरील स्वस्त पंप त्या खोलीवरून निव्वळ गढूळ पाणी देतो, आणि गढूळ पाण्यास भाडे देणे सर्वांत महाग पडते.

नळाच्या तोंडाचा विचार तर जवळजवळ कोणीच करीत नाही. करवतीने सरळ कापलेला नळ तसाच पाण्यात सोडला, तर पाणी कडेवरून आत वळताना जो झटका खाते, त्यात वेगासाठी खर्च झालेल्या दाबाइतकाच दाब पुन्हा वाया जातो. तीन मीटर वेगास हा तोटा सुमारे अर्ध्या मीटरच्या जवळ येतो. तेच तोंड कर्ण्यासारखे गोलाईने पसरट केले तर तोटा दहाव्या हिश्श्यावर येतो. तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही वेल्डिंगवाला हे तोंड करून देऊ शकतो.

तोंड गाळाच्या किती जवळ असावे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. दिवा जवळ असला की उजेड भरपूर आणि दूर नेला की झपाट्याने कमी, तसेच सक्शनच्या ओढीचे आहे. नळाच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतके दूर गेले, की पाण्याचा वेग तोंडातील वेगाच्या सोळाव्या हिश्श्यावर येतो. दोन व्यास दूर गेले की चौसष्टाव्या. सहा इंची नळाचे तोंड गाळापासून फूटभर वर राहिले तर तेथे पाणी सेकंदाला पाच सेंटिमीटरसुद्धा सरकत नाही, मग माती काय उचलणार? उलट तोंड गाळात रुतविले तर पाणीच मिळत नाही आणि नळ गच्च होतो. म्हणून नळ दोरीने लटकावून अंदाजाने सोडण्याची पद्धत टाकून द्यावी. लहानशा कपीने किंवा हातरहाटाने नळ हळूहळू खाली-वर करता आला पाहिजे, आणि पंपाच्या तोंडाशी एक व्हॅक्यूम गेज अवश्य असावा. काटा चढू लागला म्हणजे गाळ दाट झाला, नळ थोडा उचलावा. काटा उतरला म्हणजे नुसते पाणी येत आहे, नळ थोडा सोडावा. थोडक्या किमतीचे हे गेज नसेल, तर यंत्रावरचा माणूस डोळे बांधून गाडी हाकतो असेच म्हणावे लागेल.

येथपर्यंतचे विवेचन वाळूमिश्रित गाळास लागू पडते. परंतु परभणी जिल्ह्यातील तलावांच्या तळाशी जे आहे ते बव्हंशी काळ्या मातीचे आहे, आणि काळी माती वाळूसारखी वागत नाही. वाळूत नळ सोडला की भोवतालची वाळू ढासळून आपणहून तोंडाशी येते. काळ्या मातीचा गाळ चिकट. नळ आपल्यापुरता एक खळगा करतो, खळग्याच्या कडा जशाच्या तशा उभ्या राहतात, आणि पाच मिनिटांत नळातून स्वच्छ पाणी येऊ लागते. ज्यांनी हे काम पाहिले आहे त्यांना हा प्रकार चांगला परिचित आहे. अशा ठिकाणी सक्शनच्या तोंडाशी माती मोकळी करण्याची सोय हवी: एकतर फिरणारी पाती, नाहीतर दुसऱ्या लहान पंपाने जोराने मारलेले पाण्याचे फवारे. फवाऱ्यांचा रोख तोंडाच्या आतील बाजूस हवा. बाहेर रोखलेले फवारे गाळ ढवळून दूर पसरवितात आणि काही दिवसांनी तो पुन्हा तेथेच येऊन बसतो. काळ्या मातीचा एक लाभ मात्र आहे. तिचे कण इतके बारीक असतात की नळात ते लवकर बसत नाहीत, म्हणून वेग थोडा कमी ठेवता येतो आणि दाब वाचतो. निवळ काळ्या गाळात काम करणाऱ्या यंत्राचा सक्शन वाळूच्या यंत्राहून थोडा मोठा असला तरी चालेल.

बंदरांतील यंत्रांचा अनुभव वाळूचा आणि खाडीच्या चिखलाचा आहे. मराठवाड्यातील तलावांचा गाळ त्याहून भिन्न आहे. नाशिक येथे १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, खडकवासल्यास १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, आणि परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. काळ्या मातीच्या गाळास नळाचे तोंड कसे असावे, फवारा किती असावा आणि वेग किती ठेवावा, याच्या चाचण्या या भागातील तलावांवर घेऊन त्यांचे साधे तक्ते ग्रामपंचायतींच्या हाती दिले गेले पाहिजेत. असे तक्ते हाती असल्याशिवाय कोणत्याही ग्रामपंचायतीने स्वतःच्या निधीतून असे यंत्र विकत घेण्याची घाई करू नये. ठरावीक कामापुरते भाड्याने घेऊन पाहावे.

सांधे आणि वळणे यांविषयी थोडेसेच सांगावयाचे आहे. सक्शन नळ तोंडापासून पंपापर्यंत सारखा चढत गेला पाहिजे; मध्ये उंचवटा राहिला की तेथे हवा साठते. पंपाच्या तोंडाशी लगेच एल्बो लावू नये. नळाचा व्यास कमी करावयाचा तर वरची बाजू सरळ आणि खालची उतरती असा रिड्यूसर घ्यावा. सक्शनच्या सांध्यातील बारीक फट डोळ्यास दिसत नाही, कारण तेथून पाणी गळत नाही. हवा आत शिरते. सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावा. फेस आत ओढला गेला तर फट आहे. लवचीक नळ घ्यावयाचा तर आत पोलादी तारेचे वेढे असलेलाच घ्यावा, कारण साधा रबरी नळ आतील पोकळीमुळे चपटा होतो. तोंडास जाळी हवी, पण तिच्या सर्व छिद्रांचे क्षेत्रफळ नळाच्या तिप्पट तरी असावे. डिग्रसच्या फुगवट्यात जलपर्णी आणि काड्याकुड्या पुष्कळ असतात. जाळी साफ करण्यासाठी नळ वर घेण्यात वेळ गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

एक अप्रिय गोष्ट येथे टाळता येत नाही. गोदावरीच्या पात्रात सक्शन नळ अनेकांनी पाहिला आहे, पण तो गाळाच्या कामासाठी नव्हे, तर चोरून वाळू काढण्यासाठी. नदीपात्रातून सक्शन पंपाने वाळू काढण्यास राज्यात मनाई आहे, आणि महसूल विभागाची पथके अशा बोटी पकडून नष्टही करतात. वाळूचा थर हा नदीकाठच्या विहिरींचा साठा असतो. तो निघून गेला की पात्र खोल जाते, उन्हाळ्यात विहिरींचे पाणी उतरते, आणि काठावरच्या मोटारीचा सक्शन हवेत लटकतो. काठच्या शेतकऱ्याला मग नळ वाढवावा लागतो, आणि वर सांगितलेली सहा-सात मीटरांची पुंजी त्यातच संपते. गाळ काढण्याच्या नावाखाली वाळू काढणारे यंत्र गावात शिरू नये म्हणून कामाची जागा, खोली आणि निघालेला माल कोठे पडणार, हे ग्रामसभेत ठरावानेच निश्चित झालेले बरे. बाहेर पडणाऱ्या मालात सातत्याने वाळूच दिसू लागली, तर काम त्याच दिवशी थांबवावे.

भाड्याचा करार कसा असावा, यावरच सर्व फायदा-तोटा अवलंबून आहे. बहुधा तासावर किंवा इंजिनाच्या आकारावर दर ठरतो. अशा करारात यंत्रवाल्यास गढूळ पाणी काढणे अधिक सोयीचे असते; पंपावर ताण कमी, नळ तुंबत नाही आणि तास भरतात. दर हा बाहेर टाकलेल्या गाळाच्या घनमीटरवर असावा, आणि गाळ एका मोजलेल्या खाचरात साचवून मोजावा. काळी माती पाणी उतरेल तशी आकसते, म्हणून मोजणी कितव्या दिवशी करावयाची हेही लेखी असावे. नाहीतर त्यावरून तंटा ठरलेलाच.

रोजच्या तपासणीसाठी दहा लिटरची बादली आणि वजनकाटा पुरेसा आहे. डिलिव्हरीच्या तोंडाशी बादली खुणेपर्यंत भरावी आणि बादलीचे वजन वजा करावे. दहा किलो भरले तर ते नुसते पाणी आहे. दहा किलोंच्या वर प्रत्येक १.६५ किलोमागे बादलीत एक लिटर मातीचे कण आहेत. बादली साडेदहा किलो भरली, तर माती जेमतेम तीन टक्के. म्हणजे तेवढ्या वेळात शंभर लिटर उपशातील सत्त्याण्णव लिटर पाणी विनाकारण वर आले. सहा इंची नळाने दहा टक्क्यांचे मिश्रण सतत मिळाले, तर ताशी सुमारे वीस घनमीटर मातीचे कण निघू शकतात. तीन टक्क्यांवर तेच यंत्र, तेच इंजीन आणि तेच डिझेल सहा घनमीटरांवर येते. दिवसातून चार वेळा हे वजन करून वहीत उतरविण्याचे काम गावातील कोणताही शाळा शिकलेला तरुण करू शकेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही वही मागून घेऊन पाहावी, आणि यंत्रवाल्याच्या देयकास ती जोडल्याशिवाय रक्कम देऊ नये.

निघालेल्या गाळाच्या खाचराविषयी घाई करून चालत नाही. काळ्या मातीतील बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्श्याचा कण, स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली बसण्यास सुमारे आठ तास घेतो. खाचर लहान असेल तर हीच सुपीक माती पाण्याबरोबर पुन्हा नदीत जाते आणि तळाशी जाड रेती तेवढी उरते. म्हणून एकाशेजारी एक दोन खाचरे असावीत. एक भरत असता दुसरे निवळावे, आणि वरचे निवळ पाणी सांडीवरून पुन्हा तलावात सोडावे. हा गाळ हलक्या, मुरमाड रानात टाकण्याजोगा आहे. भारी काळ्या जमिनीवर तो पसरू नये, कारण आधीच चिकट असलेल्या रानात आणखी चिकण भरली की पावसाळ्यात पाणी निचरत नाही. खाचरातील पाणी उतरून गाळास पहिल्या भेगा पडू लागल्या की तो उचलावा. त्या वेळी त्यातील पाण्याचे ओझे बरेच गेलेले असते, आणि ट्रॅक्टरच्या एका फेरीत अधिक माती शेतावर पोहोचते.